काट्याला लावलेलं कुलूप

परतूरला मी माझ्या बायकोचा आवाज ऐकला, तेव्हा ती जालन्यात घरी होती.

बियाण्याच्या एका दुकानातला बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करून मी मोंढ्याच्या धान्यबाजाराबाहेर चहा पीत उभा होतो. रस्त्यापलीकडं नवा भुईकाटा झाला होता. ट्रक-ट्रॅक्टर अख्खे वर उभे करून मालाचं वजन करतात तो काटा. सोयाबीनचा एक ट्रॅक्टर त्यावर चढला आणि खांबावरच्या स्पीकरमधून आवाज आला, "गाडी थांबवा. ड्रायव्हरने खाली उतरावे." मग थोड्या वेळानं, "वजन झाले. गाडी पुढे घ्या."

"वजन झाले" या शब्दांच्या मागं एक बारीक शिट्टी आहे. ती आमच्या कुकरची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं ती वाक्यं माझ्या मोबाईलमध्ये बोलली होती. पुन्हा घेऊ म्हणालो, तर म्हणाली, "वरण करपंल. चालतंय तेवढं." तेवढं चाललं. काट्यांसाठी मी जे सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्यात तो आवाज बसला. वजन आपोआप घेणं, पावती छापणं आणि ड्रायव्हरला सूचना देणं, एवढं त्याचं काम. पण परतूरला मी ते कोणालाही विकलं नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी रस्ता ओलांडला. काट्याच्या खोलीत मालक पाय वर घेऊन बसला होता.

"सॉफ्टवेअर चांगलं आहे. कोणाचं?" मी विचारलं.

"आमचंच."

"तुम्ही बनवलं?"

"छ्या, आमी कशाला बनवू. पाव्हण्यांनी दिलं. जालन्याला एमआयडीसीत काटा हाय त्यांचा. पेनड्राईव्हमधी टाकून आणलं, बसलं बी बराबर."

"आणि बोलणारी बाई कोण आहे?"

"असंल कोणी रेडिओवाली."

"ती माझी बायको आहे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाय खाली घेतले. "मंग तर ओळखीचंच निघालं की. बसा. चहा सांगू?"

मी बसलो नाही. माझा आवाज चढला. हे मी बनवलेलं आहे, ज्यानं दिलं त्याला द्यायचा हक्क नव्हता, वगैरे बोललो. त्याच्या चेहऱ्यावर रागही आला नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं. म्हणाला, "भाऊ, शेजारीण इरजण मागायला आली तर कोणी पैसे घेतं का? तुमच्या गाडग्यातलं दही तुमच्याकडं हायेच. आमच्याकडं बी लागलं. तुमचं कमी काय झालं?"

या प्रश्नाला त्या वेळी मला उत्तर सापडलं नाही, आणि त्यामुळं मी जास्त चिडलो. उत्तर सापडलं ते परतीच्या रेल्वेत, डबा सेलूकडून आलेल्या माणसांनी भरलेला होता आणि मी दारात उभा होतो तेव्हा. शेजारीण आपल्या दुधाचं विरजण देते. एमआयडीसीतल्या शेठनं माझ्या दुधाचं दिलं होतं. पण तोवर परतूर मागं पडलं होतं.

या शेठची आणि माझी ओळख सौद्यातली. सौद्यात मला सहसा कोणी हरवत नाही. जाफराबादकडच्या खेड्यातून मी जालन्याला आलो तेव्हा माझ्यामागं कोणी नव्हतं. आधी एका स्क्रॅपच्या काट्यावर हातानं पावत्या लिहायला होतो. तिथंच बघून बघून शिकलो, क्लास लावला, प्रोग्राम लिहायला लागलो. लोखंडाचे व्यापारी भाव कसा पाडतात हे मी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तरी या शेठनं मला पाडलं. सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर चालवून घेतलं, आणि मग म्हणाला, "भाऊ, मी एकटा न्हाई. माझे नातेवाईक बघ, सोयरे बघ, सगळ्यांचे काटे. तू मला निम्म्यात दे, मी तुला दहा गिऱ्हाईकं लावून देतो." मी दिलं. त्यानं शब्द पाळला म्हणायचा. दहा ठिकाणी त्यानं माझं सॉफ्टवेअर लावलं. फक्त मला सांगितलं नाही.

याच्या उलट जाफराबादचे काका. ते माझे पहिले गिऱ्हाईक. गावाबाहेर त्यांचा काटा, शेजारी कापूस खरेदीचं पत्र्याचं शेड. मी मुद्दाम फुगवून भाव सांगितला होता, घासाघीस होईल म्हणून. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक. बसव." भाव केलाच नाही. मला इतकं अपराधी वाटलं की मीच आपण होऊन थोडं कमी केलं. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

परतूरहून आल्यावर मला घरात नीट बसवेना. जेवताना उठायचो, फोन हातात घ्यायचो, शेठचा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. भांडून काय मिळालं असतं? तो हसला असता आणि चहा सांगितला असता. बायकोला सगळं सांगितलं, तर तिला आधी हसू आलं.

"म्हंजे मी परतूरला ट्रॅक्टर थांबवून राह्यले?"

"परतूर, मंठा, घनसावंगी. कुठं कुठं ते देवाला माहीत."

"मंग इतक्या जागी नोकरी करते अन् पगार एकीचा बी न्हाई." नंतर ताटं उचलता उचलता म्हणाली, "पण मला विचारायला पाहिजे होतं कोणीतरी." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. माझ्या साऱ्या रागाला जे नीट म्हणता येत नव्हतं, ते तिनं एका ओळीत म्हटलं होतं. मला पैशापेक्षा हेच हवं होतं की विचारायला कोणीतरी आहे, हे लोकांनी मानावं.

मग मी कुलूप बनवायला घेतलं. हे काम आधीच करायला हवं होतं असं सगळे म्हणतात. पण प्रोग्राम चालेल की नाही याच चिंतेत असलेला माणूस कुलपाचा विचार करत नाही. भिंती उभ्या राहायच्या आत दाराचा कोयंडा कोण बघतो?

काम समजायला अवघड नाही. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत कारखान्यातूनच एक क्रमांक येतो. सुरू होताना माझा प्रोग्राम तो क्रमांक वाचेल आणि मी दिलेल्या किल्लीशी ताडून बघेल. जुळला तर काटा चालू, नाही तर बंद. म्हणजे पेनड्राईव्हमधून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलेली नक्कल तिथं उघडणारच नाही. किल्लीला एक वर्षाची मुदत घातली. मुदत घातली की लोक घड्याळ मागं फिरवणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः कधीकाळी दुसऱ्यांच्या प्रोग्रामला तसंच फसवलं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, जालन्यात सगळेच करतात. म्हणून आणखी एक गाठ मारली. शेवटची पावती कधी छापली ते प्रोग्राम लक्षात ठेवील. कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्या एक मिनिट जरी मागं गेलेलं दिसलं, तरी समजायचं की लबाडी आहे, आणि बंद व्हायचं.

शिवाय फोनवरून उघडून द्यायची सोय मी ठेवली नाही. भाव मी कोणाशीही करू शकतो, पण समोरचा गयावया करायला लागला की माझं चित्त ढळतं. म्हणून मधला रस्ताच काढून टाकला. कुलूप लागलं की मी स्वतः लॅपटॉप घेऊन जाणार, तेव्हाच निघणार.

राहिला आवाज. कुलूप लागल्यावर स्पीकरमधून काय बोलायचं? मी वाक्य लिहून बायकोपुढं धरलं: "हे सॉफ्टवेअर चोरीचे आहे. काटा बंद."

तिनं वाचलं आणि कागद परत केला. "मी न्हाई म्हणणार."

"का?"

"माझ्या तोंडानं कोणाला चोर म्हणू नका. तुमाला म्हणायचं तर तुमी म्हणा."

मी म्हणालो. दार लावून, चांगलं खणखणीत. चारदा रेकॉर्ड केलं आणि सगळ्यात रागीट होतं ते ठेवलं.

आता हे कुलूप शेठच्या नातेवाइकांपर्यंत पोचवायचं कसं? जुनं सॉफ्टवेअर चालूच राहणार होतं, त्याला मी काही करू शकत नव्हतो. मग नव्यात एक आमिष घातलं. पावतीवर वजनासोबत गाडीचा फोटो छापून येईल, अशी सोय केली. शेतकऱ्याला फोटोची पावती हातात मिळाली की तो दुसऱ्या काट्यावर जात नाही. दसऱ्याच्या तोंडावर बातमी पसरली आणि शेठचा फोन आपणहून आला. "भाऊ, फोटोवालं आमाला बी बसवून दे." मी गेलो, बसवलं, त्याच्या कॉम्प्युटरची किल्लीही दिली. भाव केला नाही. त्याला संशय यायला हवा होता. तो हेही पाव्हण्यांना वाटणार, हे मी धरूनच चाललो होतो. काकांच्या काट्यावरही जाऊन फुकट बसवून आलो, पहिलं गिऱ्हाईक म्हणून.

दसऱ्याला सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि फोन शेजारी घेऊन बसलो. मी परतूरच्या फोनची वाट बघत होतो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. फोन वाजला तो जाफराबादहून. काकांची सून बोलत होती. काट्याच्या खोलीत तीच बसते.

"दादा, तुमी काय बोलून राह्यले हो स्पीकरमधून?"

मागं माझाच आवाज येत होता. हे सॉफ्टवेअर चोरीचे आहे. काटा बंद. हे सॉफ्टवेअर चोरीचे आहे. काटा बंद.

"काय केलं तुम्ही?"

"काई न्हाई. घड्याळ मागं केलं फक्त. दर साली करतो तसं."

मी बाईक काढली. वाटेत भोकरदनपर्यंत मला कळेना की घड्याळ दर साली कशाला मागं करतात. नंतर आठवलं आणि मी बाईकचा वेग वाढवला. कापसाची खरेदी आमच्याकडं दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडते. पहिल्या गाडीची पूजा होते, शेतकऱ्याला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात, आणि पहिली पावती देवापुढं ठेवतात. त्या पावतीवर मुहूर्ताचीच वेळ पाहिजे. पण नारळ फोडायला बोलावलेला पुढारी कधी वेळेवर येतो? त्या दिवशीही तो आला नव्हता. तोवर रांग वाढू नये म्हणून ज्वारी-मक्याच्या दोन गाड्या मोजून काकांनी त्यांच्या पावत्या छापून दिल्या होत्या. मग पुढारी आला, नारळ फुटला, आणि सुनेनं नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरचं घड्याळ मागं, मुहूर्तावर नेलं. मुहूर्त गाठायचा म्हणजे घड्याळाला मागं यावंच लागतं, यात तिला आणि काकांना काहीच वावगं वाटत नव्हतं. मी त्याच मातीतला, हातानं पावत्या लिहायचो तेव्हा मुहूर्ताची वेळ मीही अशीच लिहिली होती. कुलूप बनवताना ते मला आठवलं नाही. माझ्या डोक्यात फक्त शेठ होता.

मी पोचलो तेव्हा आवाज बंद होता. सुनेनं स्पीकरची वायर ओढून काढली होती. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. काट्यावर झेंडूचा हार घातलेला ट्रॅक्टर तसाच उभा, मागं गाड्यांची रांग, आणि त्यातल्या काही गाड्या वळून दुसऱ्या काट्याच्या रस्त्याला लागलेल्या. सॉफ्टवेअर हा शब्द रांगेत कोणी ऐकलाच नव्हता. काटा स्वतःच्या तोंडानं "चोरी" म्हणाला, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. काटा मारतात, वजनात खातात, हा शेतकऱ्याच्या मनातला जुना संशय. काकांवर तो आजवर कोणी घेतला नव्हता.

"काट्यानंच कबूल केलं बुवा," ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला एक जण म्हणाला. "दसरा हाय, खरं बोलावं वाटलं असंल त्याला."

"मालकापेक्षा काटा इमानदार निघाला," दुसरा.

काका शेडपाशी खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध. मला बघून उठले नाहीत. "आवाज तुझा हाय हे मी लगेच वळखलं," ते म्हणाले. "ह्यांना सांगून राह्यलो, तर म्हणतात, बनवून सांगता."

"काका, आत्ता काढतो."

"ते काढशील तू. हे कसं काढशील?" त्यांनी रांगेकडं हात केला.

मी लॅपटॉप जोडला, कुलूप काढलं. ते काम लगेच झालं. मग बाहेर येऊन रांगेपुढं उभा राहिलो. मला लोकांपुढं सौदा करता येतो, खुलासा करता येत नाही. तरी सांगितलं. सॉफ्टवेअर माझं आहे, लोक त्याच्या नकला करतात म्हणून मी कुलूप लावलं, घड्याळ मागं गेल्यामुळं ते चुकून इथं लागलं, वजनाचा यात काही संबंध नाही, आणि जो आवाज तुम्ही ऐकला तो माझा आहे.

"कशावरून?" मडगार्डवरचा म्हणाला. "म्हणून दाखव."

"काय?"

"तेच. जोरात म्हण. आमी वळखतो का बघू."

हसू पसरलं. मी काकांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. मग मी भर उन्हात, हार घातलेल्या ट्रॅक्टरसमोर ओरडलो, "हे सॉफ्टवेअर चोरीचे आहे. काटा बंद."

"तोच हाय," मागून एका म्हाताऱ्यानं निकाल दिला. "पण मशीनमधी जास्त रागात बोलला व्हता."

"परत म्हणायला लावा, जमंल त्याला."

त्यांनी मला परत म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी मी खरंच मशीनसारखा ओरडलो आणि लोक पटल्यासारखे हसले. तरी मडगार्डवाल्यानं आपला भरलेला ट्रॅक्टर आधी दुसरीकडं मोजून आणला, मग इथं चढवला. वजन जुळलं. तेव्हा रांग हलली. वळून गेलेल्या गाड्या मात्र त्या दिवशी परत आल्या नाहीत.

मुहूर्ताची पावती सुनेनं मागच्याच वेळेची छापली. मी घड्याळाची गाठ तिथंच, त्यांच्यासमोर सोडवली होती.

निघताना मी काकांना म्हणालो, कुलूपच काढून टाकतो. जळो ते. काका म्हणाले, "कशाला? कुलूप सगळेच लावतात. माझ्या शेडला बी हाय. पण माझं कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत न्हाई."

घरी आल्यावर बायकोला मला काही सांगावं लागलं नाही. काकांच्या सुनेनं तिला आधीच फोन केला होता. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "दोनदा म्हणायला लावलं म्हणे."

"तू बोल तर मग. काय बोलायचं ते तूच ठरव."

"चोर न्हाई म्हणणार," ती म्हणाली. "पण मालक म्हणीन." आणि मोबाईल हातात घेऊन बोलली, "या काट्याची किल्ली घ्यायची राहिली आहे. कृपया सॉफ्टवेअरच्या मालकाशी बोला." मग माझा नंबर. या वेळी कुकर लावला नव्हता.

पुढं झालं ते असं. शेठनं फोटोवालं सॉफ्टवेअर पाहुण्यांना आधीच वाटलं होतं, आणि ते त्यांच्याकडं उघडत नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यांनी निमूटपणे जुनंच चालू ठेवलं. शेठनं पाहुण्यांचं नाव न काढता मला फोन केला की त्यात काहीतरी बिघाड आहे. मी नवीन दिलं, बायकोच्या आवाजातलं. ते त्यानं पुन्हा वाटलं. मग परतूरचा फोन आला.

"भाऊ, वहिनी म्हणून राह्यल्या मालकाशी बोला. म्हणून बोलून राह्यलो."

आम्ही तासभर भाव केला. मी मनापासून केला. त्यानं किल्ली घेतली, आणि त्याच्यामागं बाकीचेही एकेक करून आले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं.

ते उतरलं नाही, कारण शेठ. त्याची किल्ली खरी आहे, त्याच्याच कॉम्प्युटरची. ज्याच्यासाठी मी एवढं सगळं केलं, त्याचा काटा एक दिवसही बंद पडला नाही. पाहुणे त्याला काही बोलले असतील, मला कोणी सांगितलं नाही. एमआयडीसीतून जाताना त्याच्या काट्याशी माझी बाईक आपोआप हळू होते. आत गाड्या चढत असतात, उतरत असतात.

आता त्याची मुदत संपत आली आहे. पडद्यावर वर मुदत संपत आल्याची पट्टी दिसायला लागली असणार, कारण परवा त्याचा फोन आला. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती.

"भाऊ, काय कमी-जास्त करशील या वर्षी?"

"पैसे नकोत शेठ."

"आं?"

"किल्ली फुकट देतो. तुम्ही फक्त एक करायचं. परतूरला माझ्यासोबत यायचं आणि तुमच्या पाव्हण्यांसमोर म्हणायचं, हे माझं नव्हतं, याचं होतं, मी न विचारता दिलं."

तो हसला. "अरे काय तू. एवढ्याशा गोष्टीसाठी परतूर? भाव सांग. दुप्पट सांग, देतो."

मी गप्प राहिलो. सौद्यात ज्याला गप्प बसवत नाही तो हरतो, हे मी त्याच्याच धंद्यात शिकलो. तोही गप्प झाला. त्याच्यामागं एक ट्रक काट्यावर चढल्याचा आवाज आला आणि मग फोनमधून, बारीक, "वजन झाले," आणि त्यामागं आमचा कुकर. बायकोनं भाजीतून मान वर केली.

"विचार करून सांगतो," शेठ म्हणाला.

अजून त्यानं सांगितलेलं नाही. दुप्पट द्यायला तो एका क्षणात तयार झाला, आणि या एका वाक्याला विचार करतो आहे. किल्ली मी अजून बनवलेली नाही. दिवसातून दोनदा तरी मी लॅपटॉप उघडतो, तारीख बघतो आणि बंद करतो. त्यानं तोंड उघडलं नाही, तर त्याच्या स्पीकरमधून ती बोलेल, सगळ्या एमआयडीसीच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, की मालकाशी बोला. चोर ती म्हणणार नाही.

"ती तुमची रागाची फाईल पुसली ना?" तिनं काल विचारलं.

पुसली म्हणालो. पुसलेली नाही.